निगेटिव्ह क्रमांक ११६८

१

सोमवारी सकाळी साडेदहाला बेरिल ऑर्मरॉडचा फोन आला. मी बाबांच्या स्वयंपाकघरात उभी होते. टोस्टला लोणी लावायचं की नाही, हे ठरत नव्हतं.

"जिल, बसलीयस का?"

"उभी आहे."

"मग बस. अकराशे अडुसष्टचं पाकीट रिकामं आहे."

मी बसले नाही. बाबांना जाऊन पाच आठवडे झाले होते आणि त्या पाच आठवड्यांत लोकांनी मला बरंच बसायला सांगितलं होतं.

"रिकामं म्हणजे?"

"म्हणजे आत निगेटिव्ह नाही, पोरी. बाकी तीन हजार दोनशे अकरा जागच्या जागी आहेत. प्रत्येक पाकीट मी उजेडाला धरून पाहिलंय. तेवढं एकच नाही."

बाबांच्या निगेटिव्हची खोकी मी कालच गावच्या रेल्वे मंडळाला दिली होती, पण त्यांची वही टेबलावरच होती. नॉरिस कॅटरॉल यांनी आयुष्यभर आगगाड्यांचे फोटो काढले आणि प्रत्येक निगेटिव्हला एक नंबर दिला. पाकिटावर फक्त नंबर असे. बाकी सगळं या वहीत: तारीख, ठिकाण, इंजिन, ऊन किती होतं. मी पान उलटलं.

"११६८. शनि. ९ जुलै १९६६. ब्रॅकनशॉ स्टेशन. शेवटची गाडी, सायं. ८.२०. सोबत ऑ. निकामी. छापू नये."

ऑ. म्हणजे ऑड्री. माझी आई.

आई जाऊन अकरा वर्षं झाली. लग्नाआधी तीन वर्षं ती बाबांबरोबर फलाटाफलाटांवर हिंडली. ती म्हणायची, "माझं तारुण्य यांचा थर्मास धरून उभं राहण्यात गेलं." तीन हजार दोनशे बारा फोटो, आणि आई त्यांतल्या एकातही नाही. तिचं नाव वहीत एकदाच येतं, या ओळीत. आणि नेमका तोच फोटो नाहीसा झाला होता.

"मंडळाच्या कपाटाच्या किल्ल्या किती जणांकडे आहेत?" मी विचारलं.

"तिघांकडे," बेरिल म्हणाली. "डेरिक, मॉरिस आणि मी. म्हणजे चोर आमच्यातलाच एक आहे. तू ये, मी चहा टाकते."

२

ब्रॅकनशॉ रेल्वे मंडळ दर गुरुवारी दुपारी चर्चच्या मागच्या सभागृहात जमतं. पंधरावीस सभासद, बहुतेक सत्तरीपलीकडचे. गुरुवारचा मुख्य कार्यक्रम म्हणजे ओळख. कुणाच्या तरी माळ्यावर सापडलेला जुना फोटो पडद्यावर येतो आणि मंडळी ओरडायला लागतात. आधी ठिकाण, मग इंजिन, मग तारीख, शेवटी फोटो काढणारा. बेरिल वहीत चार रकाने भरते. माणसांसाठी रकाना नाही. एकदा एका फोटोत फलाटावर नवरी उभी होती, आणि पाऊण तास चर्चा तिच्यामागच्या सिग्नलची झाली, असं आई सांगायची.

बेरिल शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली. तिनं पांढरे सुती हातमोजे घातले होते आणि खोकी वर्षांप्रमाणे मांडली होती.

"जुन्या फिल्मला व्हिनेगरचा वास यायला लागला, की ती गेली म्हणायची," ती म्हणाली. "म्हणून आल्या आल्या प्रत्येक पाकीट उघडून हुंगायचं. साठ ते सहासष्टपर्यंत... हसू नकोस, आज इतकी व्हिनेगरं हुंगलीत की जेवणात व्हिनेगर घातलेले चिप्स चालणार नाहीत."

मी हसले नव्हते. ती माझ्याकडे बघत नव्हती, म्हणून तिला तसं वाटलं असेल.

"खोकी इथं कुणी आणली?"

"काल डेरिकनं. त्याच्या गाडीतून. मॉरिसनं उतरवायला हात लावला आणि कंबर धरून बसला. मी आज पहाटेच कपाट उघडलं. मध्ये एक रात्र."

"आणि हे कळल्यावर तू कुणाला सांगितलंस?"

"आधी डेरिकला, अध्यक्ष आहे म्हणून. मग तुला." ती थांबली. "मी चोरली असती, तर गप्प बसले असते ना गं? सहासष्ट सालापर्यंत संगणकावर चढवायला मला वर्ष लागलं असतं. तोवर कुणाला पत्ता नव्हता."

मला तेच सुचलं होतं. तिनं आधी म्हटल्यानं माझं एक काम वाचलं.

समोरच्या भिंतीवर मंडळाचा सगळ्यांत प्रसिद्ध फोटो टांगलेला आहे. ब्रॅकनशॉची शेवटची गाडी, ९ जुलै १९६६, छायाचित्र: डेरिक हॅलिवेल. इंजिन फलाटाला उभं, मागं विटांच्या घरांची रांग, त्यामागं गिरण्या. दोन पुस्तकांत तो छापून आलाय. जुन्या रेल्वेमार्गाची आता पायवाट झाली आहे, आणि तिच्या तोंडाशी पालिका फलक लावणार आहे, तोही याच फोटोचा. मजकूर शुक्रवारी छपाईला जायचा होता.

"तुझे बाबा या फोटोवरून जाताना एकच वाक्य म्हणायचे," बेरिल म्हणाली. "दर गुरुवारी. कोट काढता काढता. 'छान वाळलंय, डेरिक.' आम्हाला वाटायचं, फोटोच्या कागदाबद्दल बोलतात. एवढी वर्षं! कागद कधीच वाळला असेल की."

"आणि डेरिककाका काय म्हणायचे?"

बेरिलनं कप खाली ठेवला. "कधीच काही नाही," ती म्हणाली.

३

डेरिककाका त्यांच्या भाजीच्या तुकड्यात होते. रेल्वेच्या जुन्या भिंतीला लागून गावानं भाजीसाठी जागा वाटल्या आहेत. त्यांची तिसरी. ते लीकच्या, त्या जाड कांद्यापातीच्या, ओळींत वाकले होते. मी लहानपणापासून त्यांना काका म्हणत आले. ते बाबांहून तीन वर्षांनी लहान. आयुष्यभर केबिनमध्ये बसून सिग्नल ओढलेत त्यांनी, अजून दंड जाड आहेत.

"ये, जिल. बूट पुसू नकोस, इथं सगळी मातीच." त्यांनी बादली उपडी करून मला बसायला दिली. "जेवतेस का वेळेवर?"

"जेवते."

"खोटं बोलतेस. बापावर गेलीयस."

मी वहीतली ओळ त्यांना वाचून दाखवली. ते मातीचा गोळा बोटांनी चुरत राहिले.

"नॉरिस तिथं होता, हे मला ठाऊकच नव्हतं," ते म्हणाले. "कधी बोलला नाही. आज सकाळी बेरिलनं सांगितलं तेव्हा कळलं."

"साठ वर्षांत एकदाही नाही?"

"तुझा बाप बोलायचा किती, तुला माहितीये. चहा पाहिजे का विचारलं, तरी विचार करून उत्तर द्यायचा." ते उठले, पाठ चोळली. "फलाट तसा लांब होता. मी एका टोकाला असेन, तो दुसऱ्या. गाव तर रिकामंच होतं. वेक्स चालू झाली होती ना."

वेक्स म्हणजे आमच्याकडची गिरण्यांची वार्षिक सुट्टी. शुक्रवारी संध्याकाळी भोंगा वाजला, की सगळं गाव समुद्रावर. रेल्वेनं शेवटची गाडी मुद्दाम त्या शनिवारी ठेवली, म्हणजे बोंबलायला कुणी नको, असं आई म्हणायची.

"इंजिनाला हार नाही तुमच्या फोटोत," मी म्हणाले. "शेवटच्या गाडीला घालतात ना?"

"गाव समुद्रावर, मग हार कोण घालणार?" हे उत्तर त्यांनी बऱ्याचदा दिलं असावं. "हे बघ पोरी, गेली ती गेली. तीन हजार आहेत की. ज्या फोटोत निम्म्या फलाटावर सावली पडलीय, तो जपून ठेवणं हे नॉरिसच करू जाणे. दुसऱ्यानं कधीच टाकून दिला असता."

त्यांनी मला दोन लीक वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. मी ते घेऊन घरी आले आणि ओट्यावर ठेवले. बाबांचे बूट अजून दाराशी होते. संध्याकाळी पाहिलं तर मी लीक उलगडलेही नव्हते.

काहीतरी चुकीचं ऐकलं होतं मी. काय, ते आठवत नव्हतं.

४

मॉरिस लम मंगळवारी बाजाराच्या छताखाली जुने रेल्वे फोटो विकतो. बुटांच्या खोक्यांत उभे लावलेले, प्रांतांप्रमाणे. बाबा त्याला व्यापारी म्हणायचे, आणि त्यांच्या तोंडी ही शिवी होती.

"या ग्रंथपालबाई!" तो लांबूनच ओरडला. "पुस्तकं सोडून आता चोरांच्या मागं? बेरिलनं माझं नाव घेतलं असेल."

"नाही घेतलं."

"मग आजारी असेल ती." तो पाय घेऊन खाली बसला, स्वतःचा नव्हे, कागदी पिशवीतला, चीज-कांदा भरून भाजलेला. "विचार. खाता खाता उत्तर देतो."

"तू अंत्यसंस्काराच्या दिवशी मला विचारलं होतंस, निगेटिव्ह विकायच्या का म्हणून."

"विचारलं होतं. सँडविच घेताना विचारलं, ते चुकलं. आमच्या आईनंही तेच सांगितलं असतं." त्यानं तोंड पुसलं. "पण मी काय विचारलं होतं, ते नीट आठव. 'वहीसकट.' वहीसकट विकणार का. तुझ्या बापाच्या पाकिटांवर नुसते आकडे. वहीशिवाय माझ्यासाठी ती रद्दी. कुठलं स्टेशन, कुठली तारीख, हे लिहिल्याशिवाय कुत्रंही घेत नाही. आणि चोरायचीच, तर मी निकामी का चोरीन? चौसष्टच्या खोक्यात स्कॉटलंडच्या बर्फातल्या आहेत. त्या मी डोळे मिटून उचलल्या असत्या."

हे पटण्यासारखं होतं. वही माझ्याकडे होती. ज्यानं ११६८ नेली, त्याला वहीची गरज पडली नाही. त्यानं सहासष्टचं खोकं उघडलं, एकेक उजेडाला धरलं आणि दिसताक्षणी ओळखलं.

"निकामी म्हणजे नक्की काय असेल रे?" मी विचारलं. "बाबांनी कारण लिहिलं नाही."

"शंभर कारणं. हात हलला. कॅमेऱ्यात उजेड शिरला. एकाच फिल्मवर दोन फोटो. मध्येच कुणाचं टकुरं आलं. आपली स्वतःची सावली पडली, ते तर सगळ्यांत वाईट. आपल्याकडं सावली पडलेला फोटो माणूस बायकोलासुद्धा दाखवत नाही. पण यातलं नक्की काय, ते पाहिल्याशिवाय कोण सांगणार?"

तो पायचा पुढचा घास घेत होता. मी त्याच्या खोक्याच्या कडेला हात धरून उभी राहिले.

पाहिल्याशिवाय कोण सांगणार?

५

सावली. डेरिककाका सावली म्हणाले होते.

तो फोटो कधी छापला गेला नव्हता. वहीत सावलीचा शब्द नव्हता. बाबा तिथं होते हेसुद्धा आपल्याला सोमवारी कळलं, असं काका स्वतःच म्हणाले होते. तरी निम्म्या फलाटावर सावली पडलीय, हे त्यांना ठाऊक होतं.

पण का? काका चोरी करणारे नव्हेत. आमच्या घराची एक किल्ली चाळीस वर्षं त्यांच्याकडे आहे.

बुधवारी मी बेरिलकडून सभागृहाची किल्ली घेतली. ती बरोबर आली. मी भिंतीवरचा फोटो उतरवून खिडकीशी नेला आणि भिंग लावलं.

"इंजिन बरोबर आहे," बेरिल म्हणाली. "त्या उन्हाळ्यात या फाट्यावर तेच एक इंजिन यायचं. शंभर जणांनी नंबर तपासलाय."

"मी इंजिन बघत नाहीये."

मी घरं बघत होते. विटांच्या रांगेमागच्या गल्लीत या घरापासून त्या घरापर्यंत दोऱ्या बांधलेल्या होत्या. आणि दोऱ्यांवर चादरी. चादरी, उशांचे अभ्रे, पुरुषांचे लांब पायजमे, शेवटच्या दोरीवर बाळाचे लंगोट एका मापाचे. सगळी गल्ली भरून.

"बेरिल, तुमच्याकडे धुणं कधी असायचं?"

"सोमवारी. सगळ्यांचंच सोमवारी. दुसऱ्या वारी चादर बाहेर घातली असती तर आमच्या आईला शेजारणींनी..." ती थांबली. मग तिनं माझ्या हातातून भिंग घेतलं.

"शनिवारी संध्याकाळी धुणं," ती हळू म्हणाली. "आणि तेही सगळं गाव समुद्रावर गेलेलं असताना."

"आता गिरण्या बघ."

पाच धुराडी होती. पाचही धूर ओकत होती. आई सांगायची, वेक्सच्या शनिवारी सकाळी उठलं, की गावातून डोंगर दिसायचे. वर्षातून तेवढेच पंधरा दिवस. या फोटोत डोंगर नव्हते.

साठ वर्षं हा फोटो रेल्वेचे जाणकार बघत होते. त्यांनी इंजिनाचा नंबर पाहिला, पुढचे दिवे पाहिले, डबे मोजले. सगळं बरोबर निघालं, म्हणून तारीखही बरोबर धरली. गल्लीतल्या चादरी फक्त एका माणसाला दिसल्या, कारण शनिवारी तो स्वतः तिथं उभा होता.

"छान वाळलंय, डेरिक," बेरिल म्हणाली आणि खुर्चीत बसली. "अगं आई गं. दर गुरुवारी."

६

काकांनी दार उघडलं. मी काही बोलायच्या आधी त्यांनी माझ्या हातातली फ्रेम पाहिली.

"चहा?" ते म्हणाले.

"नको."

"मला हवाय."

ते किटली भरताना पाठमोरे होते. मी सांगितलं: सावली, चादरी, धुराडी. जास्त बोलावं लागलं नाही. किटली उकळून बंद पडली, तरी त्यांनी पाणी ओतलं नाही.

"सोमवार, चार जुलै," ते म्हणाले. "पाच दिवस आधीचा. शनिवारी सकाळच्या गाडीनं आईनं आम्हाला समुद्रावर नेलं, मोरकॅमला. मी सतरा वर्षांचा. पाया पडलो तिच्या. म्हटलं, एक दिवस मागं राहतो, शेवटची गाडी आहे. ती म्हणाली, खोलीचे पैसे भरलेत. गाडी सुटली तेव्हा मी एका भाड्याच्या खोलीत उकडलेले मटार खात होतो. घड्याळाकडं बघत."

"मग?"

"सप्टेंबरात शाळेत कुणीतरी विचारलं, तू होतास का रे. मी हो म्हटलं. फोटो दाखव म्हणाले, हा दाखवला. मग तो मासिकात गेला. मग पुस्तकात." त्यांनी हाताच्या मागच्या बाजूनं नाक पुसलं. "नॉरिस मंडळात आला, फोटोसमोर उभा राहिला, बराच वेळ, आणि म्हणाला, छान वाळलंय. मी ओळखलं, याला कळलंय. पण पुढं काहीच नाही. मी वाट बघायचो. दर गुरुवारी, आज बोलेल, उद्या बोलेल. तो गेला तेव्हा, जिल, मला रडू आलं, आणि त्यातच कुठंतरी बरंही वाटलं. त्याची लाज अजून जात नाही."

मला त्यांचा राग यायला हवा होता. मी तो शोधत होते आणि सापडत नव्हता.

"खोकी गाडीत होती," ते म्हणाले. "वाटलं, नुसतं बघावं. शनिवारी तो खरंच तिथं होता का. होता. इंजिनाच्या तोंडावर एवढा मोठा गुलाबांचा हार होता. शुक्रवारी फलक छापायला जाणार, आणि बेरिलनं ती पडद्यावर लावली तर..."

ते आतल्या खोलीत गेले आणि एक जुनं वेळापत्रक घेऊन आले. पानांच्या मध्ये, पातळ कागदात, ती होती.

"जाळायला चुलीपर्यंत नेली होती. हात धजला नाही. निगेटिव्ह आहे ना ती. एकच असते."

मी ती कडेला धरून खिडकीशी नेली. तळहातात मावेल एवढी. आकाश काळं, इंजिन करडं, हार काळसर डागासारखा. आणि फलाटावर, खालच्या कडेपासून निघून थेट इंजिनाच्या चाकांपर्यंत पोचलेल्या, दोन लांब पांढऱ्या आकृत्या.

निगेटिव्हमध्ये सावल्या उजळ दिसतात.

एका आकृतीचे कोपर वर, कॅमेरा डोळ्याशी. दुसरी तिच्या डावीकडे, एका पायावर भार टाकून, एक हात कमरेवर. दुसऱ्या हातात काहीतरी आखूड, गोल.

थर्मास.

"ती ऑड्रीच," काका माझ्या मागून म्हणाले. "मला लगेच कळलं. बसथांब्यावरसुद्धा तशीच उभी राहायची. म्हणून जाळवली नाही असं म्हणायला आवडलं असतं, पण ते खरं नाही."

"उद्या गुरुवार आहे, काका," मी म्हणाले.

"हो," ते म्हणाले. "माहितीये."

७

गुरुवारी सतरा जण आले. बेरिलनं सकाळीच निगेटिव्ह संगणकावर चढवून तिचं काळं-पांढरं सरळ केलं होतं. बिस्किटं फिरली. कुणीतरी माझ्या खांद्यावर थोपटलं. फ्रेम भिंतीवर परत टांगली होती, कारण मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. बेरिललाही बोलू नकोस म्हटलं होतं. ते सांगायचं असेल तर ज्याचं त्यानं सांगायचं.

दिवे गेले. चित्र आलं.

"ब्रॅकनशॉ!" दोघे एकदम ओरडले. "आपलंच स्टेशन की!"

"इंजिन तेच, फाट्यावरचं. नंबर स्पष्ट आहे."

"अरे, हार बघ! शेवटची गाडी ही. नऊ जुलै."

"पण हार तर..."

एकेक डोकं भिंतीवरच्या फ्रेमकडे वळलं. तिथल्या इंजिनाच्या तोंडावर काही नव्हतं. पडद्यावर धुराड्यांतून धूर नव्हता, दोऱ्या मोकळ्या होत्या, आणि त्यामागं डोंगर होते, अगदी कडेपर्यंत.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"भिंतीवरचा माझा सोमवारचा आहे," डेरिककाका म्हणाले. ते उभे होते, हात दोन्ही बाजूंना. "चार जुलैचा. नऊला मी मोरकॅमला होतो, आईबरोबर. ही निगेटिव्ह मीच काढून घेतली होती. आज दिली. फलकावर हा लावा. नाव नॉरिसचं."

मग मॉरिसचा आवाज आला, मागच्या रांगेतून.

"मोरकॅमला, डेरिक? साठ वर्षं आम्ही तुला मान दिला, आणि तू वाळूत किल्ले करत होतास?"

एक जण हसला. मग आणखी दोघे. काकांनीही मान हलवली आणि खाली बसले. त्यांच्या शेजारच्यानं बिस्किटांची बशी त्यांच्याकडे सरकवली.

"तारीख नऊ जुलै," बेरिल लिहिता लिहिता म्हणाली. "छायाचित्रकार नॉरिस कॅटरॉल. झालं."

"फोटो चांगला आहे," मॉरिस म्हणाला, "पण सावल्यांनी वाया घालवलाय. फलकावर खालचा भाग कापावा लागेल."

"कापायचा नाही," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच परका वाटला. पाच आठवड्यांत मी कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

"अगं, पण बघणाऱ्याचं लक्ष तिकडंच जातं."

"बेरिल, एक ओळख राहिलीय."

बेरिलनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं पट्टी घेतली आणि चौथ्या रकान्यापुढे, समासात, वरून खाली एक सरळ रेघ ओढली.

"सांग," ती म्हणाली.

"उजवीकडची सावली बाबांची. डावीकडची ऑड्री हार्टली. अजून कॅटरॉल झाली नव्हती."

"कशावरून?" मागून कुणीतरी विचारलं. वाईट अर्थानं नाही. इथं ओळख सांगितली, की कशावरून ते सांगावंच लागतं.

"भार डाव्या पायावर. हात कमरेवर, कोपर बाहेर. दुसऱ्या हातात थर्मास." मी नीट दाखवावं म्हणून उठले आणि पुढे गेले. "हा इथं. झाकण याचंच, अजून आमच्या घरी आहे."

बोट ठेवायला मी पडद्याच्या अगदी जवळ गेले. त्या दोन सावल्यांच्या मध्ये, फलाटाच्या त्याच कडेवरून, तिसरी सावली उठली.

"जिल, बाजूला हो गं," मॉरिस म्हणाला. "तुझी सावली पडतेय."

मी लगेच बाजूला झाले नाही.